पृष्ठतरंगांचे परावर्तन आणि त्याचे प्रतिरूपण : तौलनिक साहित्याभ्यासकांसाठी एक परिचय

१. प्रास्ताविक

तौलनिक साहित्याभ्यासाच्या परिभाषेत भौतिकशास्त्राकडून आलेले काही शब्द आता इतके रुळले आहेत, की त्यांचे मूळ घर कोणते याचा आपल्याला विसर पडला आहे. 'लाट', 'प्रवाह', 'पडसाद', 'परावर्तन', 'माध्यम' हे शब्द आपण सहज वापरतो. भाषाशास्त्रात योहानेस श्मिट यांनी १८७२ मध्ये भाषिक बदलांच्या प्रसारासाठी तरंग-सिद्धांत मांडला. विश्वसाहित्यावरील चर्चेत फ्रांको मोरेत्ती यांनी २००० मध्ये 'वृक्ष' आणि 'लाट' अशी दोन प्रारूपे समोरासमोर ठेवली. मराठी समीक्षेत तर एखाद्या वाङ्मयीन चळवळीची लाट येणे, तिचे पडसाद शेजारच्या भाषेत उमटणे, ही नित्याची वाक्यरचना आहे.

अशा वेळी तीन प्रश्न विचारले पाहिजेत. लाट कशावरून चालते? ती कोठे आणि कोणत्या कारणाने परतते? आणि परत आले असे जे आपल्याला दिसते, ते अभ्यासविषयातून परतले आहे की आपण अभ्यासासाठी आखलेल्या चौकटीतून, हे कसे ओळखायचे? यांपैकी तिसरा प्रश्न आपल्याकडे क्वचितच विचारला जातो. भौतिकशास्त्राच्या एका विशिष्ट शाखेत मात्र तो रोजचा प्रश्न आहे. दाबविद्युत पदार्थांवरून जाणाऱ्या पृष्ठीय ध्वनितरंगांच्या परावर्तनाचे संगणकीय प्रतिरूपण, म्हणजेच सिम्युलेशन, ही ती शाखा होय. तिचा परिचय करून देणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. लेखक साहित्याचा अभ्यासक असल्याने गणिती सूत्रे टाळली आहेत. मात्र संकल्पना शक्यतो सैल होऊ दिलेल्या नाहीत.

विवेचनाचा प्रारंभ जबलपूरपासून करणे सोयीचे आहे. ज्या तरंगांचा येथे विचार करावयाचा आहे, त्यांच्या थोरल्या भावंडांशी या शहराचा संबंध आलेला आहे. पुढे साहित्याकडे वळतानाही हेच शहर उपयोगी पडेल.

२. जबलपूरचा भूकंप आणि पृष्ठतरंग

२२ मे १९९७ रोजी पहाटे चार वाजून गेल्यावर जबलपूरला भूकंपाचा धक्का बसला. त्याची तीव्रता ५.८ होती. सुमारे चाळीस माणसे दगावली आणि हजारो घरांची पडझड झाली. नर्मदा-सोन या प्राचीन भूरचनेच्या पट्ट्यात, सुमारे ३५ किलोमीटर खोलीवर, या भूकंपाचे नाभिस्थान होते. मराठवाड्यातील ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर द्वीपकल्पातील भूकंपमापन केंद्रे अद्ययावत करण्यात आली होती. त्यामुळे जबलपूरच्या भूकंपाच्या नोंदी अंकीय उपकरणांवर चांगल्या मिळाल्या.

भूकंपात दोन प्रकारचे तरंग निर्माण होतात. एक, पृथ्वीच्या आतून चहूकडे पसरणारे घनतरंग. दुसरे, पृष्ठभागाला धरून जाणारे पृष्ठतरंग. या दुसऱ्या प्रकारातील एका महत्त्वाच्या तरंगाचे अस्तित्व लॉर्ड रॅली यांनी १८८५ मध्ये गणिताने सिद्ध केले, म्हणून त्यास रॅली तरंग असे नाव पडले. त्याचे दोन विशेष ध्यानात ठेवावेत. पहिला असा, की पृष्ठभागावरील प्रत्येक कण एका लहानशा लंबवर्तुळात फिरतो. तो पुढेमागे हलतो तसाच वरखालीही हलतो. दुसरा विशेष असा, की ही हालचाल खोलीबरोबर झपाट्याने मावळते. साधारण एका तरंगलांबीइतके खाली गेले की ती जवळजवळ संपते. घनतरंगाची ऊर्जा सर्व दिशांना विखुरते, तर पृष्ठतरंगाची ऊर्जा केवळ पृष्ठभागावर पसरते. म्हणून पृष्ठतरंग दूरवर टिकतो.

जबलपूरच्या भूकंपाची खोली येथे अर्थपूर्ण ठरते. वीस सेकंदांच्या आवर्तनकालाचा रॅली तरंग सुमारे साठ किलोमीटर लांबीचा असतो. पाच सेकंदांचा त्याहून बराच आखूड. जो तरंग दहा-पंधरा किलोमीटरच्या खाली जवळपास पोचतच नाही, त्याला ३५ किलोमीटरवरचा धक्का फारसा हलवू शकत नाही. किल्लारीसारख्या उथळ भूकंपात आखूड पृष्ठतरंग जोमाने निर्माण होतात, तसे जबलपूरसारख्या खोल भूकंपात होत नाहीत. उगमस्थान किती खोल आहे, यावर पृष्ठावर कोणती लाट उठेल हे अवलंबून असते.

३. दाबविद्युत स्फटिकावरील तरंग

आता साठ किलोमीटरची तरंगलांबी आक्रसून चाळीस मायक्रोमीटर झाली अशी कल्पना करावी. हे अंतर साधारणपणे माणसाच्या केसाच्या जाडीहून कमी आहे. प्रमाण सुमारे दीड अब्ज पटींनी बदलले, तरी तरंगाचे मूळ गणित तेच राहते. फक्त जमिनीऐवजी येथे लिथियम नायोबेट किंवा क्वार्ट्झ या स्फटिकाची गुळगुळीत चकती असते, आणि एक नवा गुण जोडला जातो. तो म्हणजे दाबविद्युत.

काही स्फटिक दाबले असता त्यांच्या पृष्ठांवर विद्युत प्रभार निर्माण होतो, हे जॅक आणि पिएर क्युरी या बंधूंनी १८८० मध्ये दाखवले. याच्या उलट, विद्युत दाब दिला असता असे स्फटिक किंचित आकुंचन-प्रसरण पावतात. याचा उपयोग करून पृष्ठतरंग उठवण्याची सुटसुटीत युक्ती कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील व्हाइट आणि व्होल्टमर यांनी १९६५ मध्ये मांडली. स्फटिकाच्या पृष्ठावर धातूच्या दोन बारीक फण्या, एकीचे दाते दुसरीच्या दात्यांमध्ये येतील अशा रीतीने, बसवायच्या आणि त्यांना उलटसुलट विद्युत दाब द्यायचा. दात्यांमधील स्फटिक त्याच तालावर हलू लागतो आणि पृष्ठावरून लाट निघते. पलीकडे तशीच दुसरी जोडी बसवली की तीच लाट पुन्हा विद्युत संकेतात रूपांतरित होते.

या खटाटोपाचे प्रयोजन वेगात आहे. लिथियम नायोबेटच्या प्रचलित छेदावर हा तरंग सेकंदाला सुमारे ३,९८० मीटर जातो, तर रेडिओ तरंग सेकंदाला सुमारे तीन लाख किलोमीटर. म्हणून १०० मेगाहर्ट्झ कंप्रतेचा जो रेडिओ तरंग तीन मीटर लांब असतो, तो स्फटिकावर चाळीस मायक्रोमीटरचा होतो. खोलीभर पसरणारी घटना नखाएवढ्या तुकड्यावर मावते, आणि तिला अडवणे, गाळणे, उशिरा पाठवणे शक्य होते. दूरचित्रवाणी संचांत आणि पुढे मोबाईल फोनांत नको त्या कंप्रता गाळून टाकणाऱ्या चाळण्या याच तत्त्वावर बनल्या. जबलपुरात दूरसंचार प्रशिक्षणाची परंपरा १९४२ पासून आहे. तेथे शिकणाऱ्याच्या खिशातील फोनमध्ये असे तरंग सतत धावत असतात. ते इतके सूक्ष्म असतात की त्यांची जाणीव होत नाही.

४. परावर्तन कसे घडते

साहित्यचर्चेत 'परावर्तन' म्हटले की आरसा डोळ्यांपुढे येतो आणि त्यामागोमाग मूळ व प्रतिमा ही जोडी. तरंगशास्त्रात परावर्तनाचा अर्थ याहून मूलभूत आहे. ज्या ठिकाणी माध्यमाचा गुणधर्म बदलतो, त्या ठिकाणी लाटेचा काही अंश परततो. परतलेला अंश त्या बदलाची खूण असतो. एकसंध, अमर्याद माध्यमात परावर्तन होत नाही.

स्फटिकावर धातूची एक पातळ पट्टी बसवली तर तीन प्रकारचे बदल होतात. पट्टीच्या वजनाने पृष्ठ जड होते. पट्टीच्या ताठरपणाने त्याची लवचीकता बदलते. आणि धातू विद्युतवाहक असल्याने तरंगाबरोबर चालणारे विद्युत क्षेत्र पट्टीखाली दबून जाते, परिणामी तरंगाचा वेग घटतो. लिथियम नायोबेटवर ही विद्युत घट अडीच टक्क्यांहून किंचित अधिक भरते. क्वार्ट्झवर ती एका टक्क्याच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी असते. म्हणून क्वार्ट्झवर पट्टीचे वजन आणि जाडी निर्णायक ठरते, तर लिथियम नायोबेटवर पट्ट्या एकमेकींना विद्युतदृष्ट्या जोडलेल्या आहेत की सुट्या आहेत, एवढ्यानेही परावर्तन बदलते. तीच पट्टी, तीच लाट. पण माध्यम वेगळे असल्यास परतणारा अंश वेगळा.

एका पट्टीचे परावर्तन फार क्षुल्लक असते. समजा, ती लाटेच्या उंचीचा शंभरावा भाग परतवते. ऊर्जा उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात असल्यामुळे परतलेली ऊर्जा दहा हजारांत एक भाग इतकीच होते. परंतु अशा अनेक पट्ट्या अर्ध्या तरंगलांबीच्या अंतराने मांडल्या, तर चित्र पालटते. दुसऱ्या पट्टीवरून परतणाऱ्या लाटेला जाऊन-येऊन बरोबर एक तरंगलांबी अधिक चालावे लागते. त्यामुळे ती पहिलीच्या तालात येऊन मिळते. तिसरी, चौथी, सगळ्या तशाच. ही बेरीज सरळ नसते, कारण पुढच्या पट्ट्यांपर्यंत पोचणारी लाट मागच्यांनी आधीच क्षीण केलेली असते. तरीही वरील उदाहरणात शंभर पट्ट्यांनी सुमारे ५८ टक्के, तर तीनशे पट्ट्यांनी सुमारे ९९ टक्के ऊर्जा परतते. पट्ट्यांमधील अंतर थोडे चुकले, तर तेवढ्याच पट्ट्या मिळून जवळपास काहीच परतवत नाहीत. सारांश, मोठे परावर्तन एका प्रबळ अडथळ्याने घडते असे नाही. क्षीण पण तालबद्ध अडथळ्यांच्या मालिकेनेही ते घडते.

५. प्रतिरूपण म्हणजे काय

असे उपकरण बनवण्यापूर्वी ते कसे वागेल हे संगणकावर पाहिले जाते. त्याची पद्धत थोडक्यात अशी. स्फटिकाचा आवश्यक तेवढा भाग घेऊन त्यावर बारीक जाळी आखायची. एका तरंगलांबीत किमान आठ-दहा चौकटी याव्यात असा संकेत आहे. जाळीच्या प्रत्येक गाठीवर चार अज्ञात राशी असतात : तीन दिशांतील विस्थापन आणि विद्युत विभव. बल व गती यांचा न्यूटनचा नियम, विद्युत प्रभाराचा नियम आणि ताण व विद्युत यांना जोडणारे त्या स्फटिकाचे स्थिरांक, एवढ्यांवरून प्रत्येक गाठीचे तिच्या शेजारच्या गाठींशी असलेले नाते लिहायचे, आणि सर्व समीकरणे एकत्र सोडवायची.

तीनशे पट्ट्यांची मालिका दीडशे तरंगलांबी इतकी लांब होते. तिचा उभा छेद पाच तरंगलांबी खोल घेतला, तर गाठी पाऊण लाख आणि अज्ञात राशी तीन लाख होतात. उपकरणाची पन्नास तरंगलांबींची रुंदीही धरली, तर अज्ञात राशी पंधरा कोटींवर जातात. म्हणून अभ्यासक बहुधा दोन पायऱ्यांनी जातो. प्रथम एकाच पट्टीचे सूक्ष्म प्रतिरूप करून, तिच्या दोन्ही बाजूंस तीच रचना अखंड चालू आहे असे मानून, तिचे परावर्तन काढतो. त्यात दोन जवळजवळच्या कंप्रता मिळतात. एकीत स्थिर लाटेचा जोर पट्टीखाली असतो, दुसरीत पट्ट्यांमधील मोकळ्या जागेत. पट्टी काहीच परतवत नसती, तर या दोन कंप्रता एकच ठरल्या असत्या. त्यांच्यातील अंतर हेच परावर्तनाचे माप होय. दुसऱ्या पायरीत हे माप घेऊन संपूर्ण मालिकेचे गणित ढोबळ मानाने, पण झटपट केले जाते. एका संहितेचे सूक्ष्म वाचन आणि शेकडो संहितांचे दुरून केलेले वाचन यांचे नाते येथे आठवावे. दुसरे पहिल्यावर उभे असते, आणि पहिल्यात झालेली चूक दुसऱ्यात शतगुणित होते.

६. खोट्या कडेचा प्रश्न

या क्षेत्रातील खरी अडचण येथून सुरू होते. प्रत्यक्ष चकती प्रतिरूपातील तुकड्याहून पुष्कळ मोठी असते. संगणकात अमर्याद स्फटिक मावत नाही, म्हणून अभ्यासक कोठे तरी रेघ ओढून 'येथे प्रतिरूप संपले' असे ठरवतो. पण तरंगाच्या दृष्टीने ती रेघ म्हणजे माध्यमातील बदलच. लाट तिच्यावर आपटते आणि परतते. निष्कर्षाच्या आलेखात ही परतलेली लाट पट्ट्यांवरून परतलेल्या लाटेत बेमालूम मिसळते. दोन्ही लाटा गणिताने तितक्याच काटेकोर असतात. संगणकाच्या लेखी त्यांच्यात भेद नसतो. अनभ्यस्त वाचक मात्र आपणच ओढलेल्या रेघेचा पडसाद स्फटिकाचा गुण म्हणून नोंदवून बसतो.

यावर उपाय शोधण्यात आले. एक उपाय असा, की कडेलगत शोषक थर मांडावा आणि त्यात लाट हळूहळू विझू द्यावी. हा थर एकाएकी सुरू झाला तर तोच अडथळा बनून लाट परतवतो. म्हणून शोषण क्रमाक्रमाने वाढवावे लागते. दुसरा उपाय विद्युतचुंबकीय तरंगांसाठी बेरांजे यांनी १९९४ मध्ये सुचवला आणि पुढे तो स्थितिस्थापक पदार्थांसाठीही वापरला गेला. त्यात थराचा गुणधर्म माध्यमाशी असा जुळवला जातो, की तत्त्वतः लाटेला सीमा ओलांडल्याची जाणीवच होऊ नये. तरीही, ज्या स्फटिकांत वेगवेगळ्या दिशांना वेगवेगळे गुण असतात, त्यांपैकी काहींत हा थर अस्थिर होतो आणि लाट शोषण्याऐवजी फुगवतो. निर्दोष कड असे काही सहजासहजी मिळत नाही.

म्हणून तपासण्या केल्या जातात. पहिली तपासणी काळाची. सेकंदाला सुमारे चार हजार मीटर वेगाने जाणाऱ्या लाटेला दोन मिलिमीटरवरील पट्टीवर जाऊन परत यायला एक मायक्रोसेकंद लागतो. पडसाद त्याच वेळी आला, तर तो पट्टीचा असण्याचा संभव आहे. भलत्याच वेळी आला, तर शंका घ्यावी. दुसरी तपासणी ऊर्जेच्या हिशेबाची. परतलेला अंश आणि पुढे गेलेला अंश यांची बेरीज मूळ लाटेइतकी भरत नसेल, तर उरलेला अंश कोठे गेला हे सांगता आले पाहिजे. पट्टीच्या कडांवर काही ऊर्जा पृष्ठ सोडून स्फटिकाच्या पोटात उतरते. ती पृष्ठावर पुन्हा दिसत नाही, पण हिशेबात धरावी लागते. तिसरी तपासणी सर्वांत साधी आणि माझ्या मते सर्वांत बोधप्रद आहे. कड सरकवून पाहावी. प्रतिरूपाची सीमा थोडी लांब नेऊन तेच गणित पुन्हा करावे. जो पडसाद जागचा हलत नाही, तो पदार्थाचा; जो कडेबरोबर सरकतो, तो आपला.

७. साहित्याभ्यासाच्या संदर्भात

भौतिकशास्त्रातील नियम साहित्याला लागू पडतात, असा दावा येथे करावयाचा नाही. धातूची पट्टी निवड करत नाही, अनुवादक करतो. लाटेला हेतू नसतो, संपादकाला असतो. साम्य आहे ते अभ्यासकाच्या कृतीत. दोघेही अमर्याद विषयाचा एक तुकडा कापून घेतात आणि त्यात काय परतते ते पाहतात.

जबलपूर परिसरातीलच एक उदाहरण घेऊ. माधवराव सप्रे यांचा जन्म १८७१ मध्ये दमोह जिल्ह्यातील पथरिया येथे मराठी कुटुंबात झाला आणि त्यांचे लेखन हिंदीत झाले. १९०० मध्ये त्यांनी पेंड्रा येथून 'छत्तीसगढ मित्र' सुरू केले. समर्थांचा 'दासबोध', चिंतामण विनायक वैद्यांचा महाभारतविषयक ग्रंथ आणि टिळकांचे १९१५ मधील 'गीतारहस्य' त्यांनी हिंदीत आणले. १९२० मध्ये जबलपूरहून माखनलाल चतुर्वेदी यांच्या संपादकत्वाखाली निघालेल्या 'कर्मवीर'मागेही त्यांची प्रेरणा होती. या कार्याचे वर्णन 'मराठी विचारांचे हिंदीत उमटलेले पडसाद' असे केले जाण्याचा संभव आहे. परंतु हा पडसाद नेमका कशाचा?

अभ्यासाची सीमा मराठी भाषेच्या कडेवर आखली, तर सप्रे त्या कडेवर उभे असलेले दिसतात आणि त्यांचे सर्व कार्य 'परावर्तन' ठरते. हीच सीमा सरकवून नागपूर, जबलपूर, रायपूर हा जुन्या मध्यप्रांताचा सलग पट्टा एक माध्यम म्हणून घेतला, तर येथील अनेक घरांत दोन्ही भाषा एकाच वेळी नांदत होत्या हे ध्यानात येते. सप्रे तेव्हा कडेवर राहत नाहीत, मध्यभागी येतात. जे आधी परतलेले वाटत होते, त्यातील बराच भाग त्या माध्यमातून सरळ पुढे गेलेला दिसतो. सीमा हलवल्यावरही जे जागचे हलत नाही, उदाहरणार्थ अनुवादासाठी नेमके कोणते ग्रंथ निवडले गेले आणि ते कोणत्या क्रमाने आले, तेच खऱ्या अर्थाने त्या दोन वाङ्मयांतील भेदाविषयी काही सांगू शकेल.

शिवाय, एकेका अनुवादाचा प्रभाव मोजून फारसे हाती लागत नाही, हेही पट्ट्यांच्या उदाहरणावरून लक्षात घ्यावे. मालिका पाहावी लागते, आणि मालिकेतील अंतरेही. नियतकालिक हे या दृष्टीने महत्त्वाचे साधन आहे, कारण ठरावीक अंतराने पुन्हा येणे हा त्याचा स्वभाव आहे. आणि जे परतले नाही व पुढेही गेले नाही, म्हणजे जे अनुवादित झाले नाही, छापले गेले नाही, घरगुती बोलण्यात मुरून गेले, त्याचीही हिशेबात जागा राखून ठेवावी लागेल.

आपल्या विद्याशाखेत सीमा बहुधा आयत्या मिळतात : विद्यापीठातील भाषाविभाग, राज्याची हद्द, ग्रंथसूचीचे वर्ष, अभ्यासक्रमातील कालखंड. त्यांच्याशिवाय काम चालत नाही, हे खरे. स्फटिकाच्या अभ्यासकालाही त्याच्या सीमेशिवाय गणित मांडता येत नाही. पण तो निष्कर्ष प्रसिद्ध करण्यापूर्वी कड एकदा सरकवून पाहतो. महाराष्ट्राबाहेरील मराठी भाषकांच्या वाङ्मयव्यवहाराविषयी जे लिहिले जाते, त्यात 'पडसाद' हा शब्द योजण्यापूर्वी एवढी तपासणी आपणही करावी, इतकेच येथे सुचवावयाचे आहे.